सत्तर टक्के, पण कशाचे? टेस्ट ट्यूब बेबी आणि एका आकड्याचा इतिहास

दोन महिन्यांपूर्वी रात्री साडेअकराला माझ्या मावसबहिणीने व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला. एका आयव्हीएफ सेंटरचं पत्रक होतं. गुलाबी कागद, गुटगुटीत बाळ, आणि बाळाच्या डोक्याएवढ्या आकड्यात ‘७०% यश’. खाली ताईने लिहिलं होतं, “तू ह्याच्यावरच पीएचडी करतेयस ना? मग सांग, हे खरं का?”

मी उत्तर टाइप केलं, पुसलं, परत टाइप केलं. शेवटी लिहिलं, “खरं असूही शकतं. पण सत्तर टक्के कशाचे, ते विचारलंस का?” त्यावर तिने कपाळावर हात मारलेला इमोजी पाठवला आणि झोपायला गेली.

तिचंही चूक नव्हतं. वय ३८, लग्नाला नऊ वर्षं झालेली. दागिने मोडायचे की भावजींच्या पीएफला हात लावायचा, हा हिशोब घरात चालू आहे. अशा वेळी प्रश्नाला उलटा प्रश्न कुणाला हवा असतो? म्हणून त्या रात्री जे धड सांगता आलं नाही, ते इथे सांगायचा प्रयत्न करते. आधीच सांगून टाकते, मी दवाखान्यातली डॉक्टर नाही. झालेच तर इतिहासाची डॉक्टर होईन, तेही गाइडने चौथं प्रकरण पास केलं तर. त्यामुळे उपचार करावेत की नाही हे मी सांगणार नाही. तो टक्केवारीचा आकडा आला कुठून आणि त्याने काय काय केलं, एवढंच सांगू शकते.

पाचवीतला अपूर्णांक आठवा. वर अंश, खाली छेद. आयव्हीएफच्या यशाचा सगळा इतिहास म्हणजे वर काय लिहायचं आणि खाली काय लिहायचं, यावरचं पन्नास वर्षांचं भांडण आहे. आणि त्याची सुरुवात पहिल्या बाळाच्याही आधी होते.

ओल्डहॅमच्या वह्या

ओल्डहॅम हे इंग्लंडमधलं मँचेस्टरजवळचं, एके काळी सूतगिरण्यांवर जगणारं गाव. तिथे १९६९ पासून तिघं जण काम करत होते. केंब्रिजहून मोटार हाकत येणारे शास्त्रज्ञ रॉबर्ट एडवर्ड्स, ओल्डहॅमचेच स्त्रीरोगतज्ज्ञ पॅट्रिक स्टेप्टो, आणि जीन पर्डी. पर्डी शिक्षणाने नर्स, पण प्रयोगशाळा प्रत्यक्षात तीच सांभाळायची. २५ जुलै १९७८ ला लुईस ब्राऊन जन्मली, ती जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी. (टेस्ट ट्यूब नव्हतीच तिथे, काचेची बशी होती. पण नाव चिकटलं ते चिकटलंच.) एडवर्ड्सना २०१० मध्ये नोबेल मिळालं. स्टेप्टो आणि पर्डी तोवर हयात नव्हते.

आपल्याला कथा माहीत असते ती लुईसची. माझ्या कामाचा विषय तिच्याआधी आलेल्या बायका आहेत. त्या काळच्या वह्या टिकून राहिल्या, आणि के एल्डर आणि मार्टिन जॉन्सन या दोघांनी त्या ओळ न् ओळ तपासून २०१५ साली हिशोब मांडला. दहा वर्षांत तिथे २८२ बायका आल्या. स्त्रीबीज बाहेर काढण्यासाठी ४५७ वेळा दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली, म्हणजे प्रत्येक वेळी पूर्ण भूल आणि पोटाला छेद. आजच्यासारखी सोनोग्राफी बघून सुईने बीज काढायची सोय नव्हती. त्यातून भ्रूण तयार होऊन तो गर्भाशयात ठेवण्यापर्यंत गोष्ट गेली ११२ वेळा. दिवस राहिले पाच वेळा. जिवंत बाळं जन्मली दोन. लुईस, आणि १९७९ च्या जानेवारीत एक मुलगा.

आता हेच आकडे घेऊन मी तुम्हाला चार वेगवेगळी पत्रकं छापून देते. दोन बाळं भागिले ४५७ शस्त्रक्रिया, म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी. दोन भागिले ११२ रोपणं, म्हणजे पावणेदोन टक्क्यांच्या आसपास. वर ‘दिवस राहिले’ हा अंश घेतला तर पाच भागिले ११२, साडेचार टक्के. आणि कुणी अगदीच धीट असेल तर दिवस राहिलेल्या पाचांपैकी दोघींना बाळ झालं, म्हणजे यश ४० टक्के! चारही आकडे खरे. एकातही खोटं नाही. वह्याही त्याच, बायकाही त्याच.

(अभ्यासक मित्र टोकायच्या आत सांगते, की सुरुवातीच्या वर्षांत बरीच शस्त्रक्रिया निव्वळ संशोधनासाठी होती, भ्रूण परत ठेवायचा प्रयत्नच नव्हता. त्यामुळे ४५७ हा छेद थोडा कडक आहे. पण शस्त्रक्रिया झालेल्या बाईसाठी ती शस्त्रक्रियाच होती.)

जोखमीची नोंदही याच वह्यांत पहिल्यापासून आहे. तिथे राहिलेला पहिला गर्भ गर्भनलिकेतच, म्हणजे ज्याला आपण ‘ट्यूब’ म्हणतो त्यात अडकला. तो काढावा लागला, नाहीतर आईच्या जिवावर बेतलं असतं. १९७६ साली त्यांनी तो अनुभव ‘लॅन्सेट’मध्ये छापला, आणि संशोधकांच्या दृष्टीने ती उत्साहाची बातमी होती, कारण बाहेर तयार झालेला भ्रूण शरीरात रुजू शकतो हे त्यातून सिद्ध झालं. त्या बाईच्या दृष्टीने काय होतं, ते वहीत नाही.

एक गोष्ट मात्र मला कायम अडवते. लुईसची आई लेस्ली ब्राऊन हिने नंतर सांगितलं, की ही पद्धत याआधी कधी यशस्वी झालेलीच नाही हे तिला माहीत नव्हतं. तिची समजूत अशी, की अशी शेकड्याने मुलं आधीच जन्मली असतील. तिला कुणी मुद्दाम फसवलं असं मी म्हणत नाही. तिने विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पण जगातल्या पहिल्या यशस्वी पेशंटच्या मनातही यशाचा एक आकडा होता आणि तो निखालस चुकीचा होता. ताईचा फोटो आला तेव्हा मला पहिल्यांदा लेस्लीच आठवली.

आकडा बाजारात येतो

ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९७१ मध्येच एडवर्ड्स-स्टेप्टोंना पैसे द्यायला नकार दिला होता. लुईसनंतरही सरकारी दवाखान्यात त्यांना जागा मिळाली नाही, म्हणून १९८० मध्ये केंब्रिजजवळ बोर्न हॉल हे खासगी क्लिनिक उघडलं. त्याच वर्षी मेलबर्नमध्ये बाळ जन्मलं, १९८१ च्या डिसेंबरात अमेरिकेत व्हर्जिनियातल्या नॉरफोकला. आणि मग अमेरिकेत क्लिनिकांचं पेव फुटलं. इथे आकड्याचा स्वभाव बदलतो. ओल्डहॅममध्ये तो वहीतली नोंद होता, आता तो जाहिरात झाला.

१९८५ मध्ये जिना कोरिया आणि सुझन इन्स या दोघींनी अमेरिकेतल्या क्लिनिकांना प्रश्नावली पाठवली. ५४ ठिकाणांहून उत्तरं आली. त्यातल्या निम्म्या क्लिनिकांतून एकही बाई अजून बाळ घेऊन घरी गेलेली नव्हती. एकही नाही! आणि तरी त्यांच्यातली काही क्लिनिकं पेशंटना यशाचे दर सांगत होती.

हे जमायचं कसं? एक सोपी युक्ती म्हणजे दुसऱ्या, नावाजलेल्या क्लिनिकचे आकडे सांगायचे, “या उपचारात इतकं यश मिळतं” असं मोघम. दुसरी युक्ती अंशाची. रोपणानंतर दहा-बारा दिवसांनी रक्ताची जी तपासणी होते (आपल्याकडे क्लिनिकमध्ये सगळ्या तिला ‘बीटा’ म्हणतात), तिच्यात हार्मोन किंचित वाढलं की धरा यश. त्यातल्या कित्येक गर्भधारणा सोनोग्राफीत दिसण्याआधीच संपतात, बाईला पाळी थोडी उशिरा आल्यासारखं वाटतं, बस. आणि तिसरी युक्ती छेदाची. ज्या बायकांचं बीजच निघालं नाही, निघालं पण फळलं नाही, फळलं पण भ्रूण वाढला नाही, त्या सगळ्या खालून गळून जातात. उरतात फक्त रोपणापर्यंत पोचलेल्या. त्यांनी इंजेक्शनं घेतली, रजा काढल्या, बिलं भरली, फक्त अपूर्णांकात त्यांना जागा नाही.

पुढे अमेरिकन संसदेत रॉन वायडन या सदस्याने सुनावण्या घेतल्या, फेडरल ट्रेड कमिशनने काही क्लिनिकांवर दिशाभूल करणाऱ्या टक्केवारीबद्दल कारवाई केली, आणि १९९२ मध्ये कायदाच झाला. क्लिनिकांनी दरवर्षी आपली माहिती सरकारी रोगनियंत्रण केंद्राला, म्हणजे सीडीसीला द्यायची आणि ती क्लिनिकनिहाय छापायची. पहिला अहवाल १९९५ सालच्या उपचारांचा, तो आला १९९७ च्या शेवटी. अंश आता जिवंत बाळाचा जन्म, छेद सुरू केलेली सायकल. (सायकल म्हणजे पाळीच्या सुरुवातीपासून इंजेक्शनं, बीज काढणं, रोपण, हा सगळा एक फेरा.) स्वतःचं ताजं बीज वापरलेल्या बायकांत हा दर निघाला साधारण पाचात एक. ब्रिटनमध्ये १९९० चा कायदा होताच, तिथल्या नियामक संस्थेनेही १९९० च्या दशकात क्लिनिकांचे तक्ते पेशंटसाठी छापायला सुरुवात केली.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, चला, झालं एकदाचं. मलाही पहिल्या वर्षी असंच वाटलं होतं. माझ्या प्रबंधाच्या पहिल्या आराखड्यात हे सुखान्त प्रकरण होतं. गाइडनी मार्जिनमध्ये पेन्सिलीने एवढंच लिहिलं: “मग तिळी कुठून आली?”

तिळी

आता अंशाकडे नीट बघा. ‘जिवंत बाळाचा जन्म’. एक बाळ जन्मलं तर एक यश. जुळी झाली तरी एक यश. तिळी झाली, तीन किलोची एक होण्याऐवजी सव्वा-सव्वा किलोची तीन, महिनाभर काचेच्या पेटीत, तरी तक्त्यात एक यश. आणि तक्ता छापून येणार म्हटल्यावर प्रत्येक क्लिनिकला आपला आकडा शेजारच्यापेक्षा वर हवा. तो वर न्यायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे एका वेळी तीन, चार, पाच भ्रूण ठेवून द्यायचे. एखादा तरी रुजेल.

पेशंटचाही याला विरोध नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. एका सायकलचे पैसे कसेबसे जमवलेल्या जोडप्याला ‘एकातच दोन’ म्हणजे देव पावला असं वाटतं. आपल्याकडे तर जुळ्यांचं कौतुक विचारूच नका. पण एका गर्भाशयात दोन-तीन बाळं म्हणजे आईला रक्तदाब, मधुमेह, बाळंतपणात रक्तस्राव यांचा धोका वाढतो. जुळ्यांपैकी साधारण निम्मी दिवस पुरे होण्याआधीच येतात, तिळी तर जवळजवळ नेहमीच. आणि वेळेआधी आलेल्या बाळाची फुफ्फुसं, मेंदू, डोळे यांची लढाई काही वेळा जन्मभर चालते. अमेरिकेत तिळी आणि त्याहून जास्त बाळांच्या जन्माचा दर १९९८ मध्ये शिगेला पोचला, दर लाख जन्मांमागे १९३. यात नुसत्या बीजवाढीच्या गोळ्या-इंजेक्शनांनी झालेलीही आहेत, सगळा दोष आयव्हीएफचा नाही. पण आयव्हीएफची सर्वात मोठी जोखीम यशाच्या आकड्याच्या पोटातच वाढत होती, आणि तक्त्यात ती दिसत होती ‘यश’ म्हणूनच.

यातून वाट काढली ती स्वीडनसारख्या देशांनी. २००४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला, तो मी माझ्या ज्युनिअर्सना नेहमी सांगते. ३६ वर्षांखालच्या ६६१ बायका, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट. एका गटात एकदम दोन भ्रूण ठेवले. दुसऱ्यात एकच ठेवला, आणि नाही जमलं तर गोठवून ठेवलेला दुसरा एक, नंतरच्या वेळी. निकाल असा: दोन ठेवलेल्यांत बाळ झालं ४२.९ टक्के जणींना, एकेक ठेवलेल्यांत ३८.८. म्हणजे चार टक्क्यांचा फरक. पण जुळी-तिळी? पहिल्या गटात बाळ झालेल्यांपैकी ३३ टक्के, दुसऱ्या गटात एक टक्क्याहूनही कमी.

चार टक्के यश ‘सोडून’ तेहतीस टक्के जोखीम टळली. मात्र जाहिरातीच्या पत्रकात पहिला गटच जिंकतो!

ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात आयव्हीएफच्या जन्मांपैकी २८ टक्क्यांपर्यंत जुळी-तिळी असायची. आधी तीनहून अधिक भ्रूण ठेवायला मनाई, मग चाळिशीच्या आत दोनची मर्यादा, मग ‘एका वेळी एकच’ ही मोहीम, असं करत २०१९ पर्यंत हे प्रमाण ६ टक्क्यांवर आलं. आणि याच काळात यशाचा दर कोसळायच्या ऐवजी वाढत गेला, कारण प्रयोगशाळा सुधारल्या होत्या आणि भ्रूण गोठवण्याचं तंत्र पक्कं झालं होतं.

ज्याला रकानाच नव्हता

जुळ्यांची जोखीम निदान तक्त्यात शोधली तर सापडते. दुसरी एक जोखीम आहे तिला यशाच्या आकड्यात जागाच नाही. एका सायकलमध्ये एकच बीज मिळावं असा निसर्गाचा नियम, तर आपण इंजेक्शनं देऊन दहा-पंधरा मिळवतो. काही बायकांची अंडाशयं या इंजेक्शनांना इतका प्रतिसाद देतात की ती सुजतात, रक्तातलं पाणी पोटात झिरपतं, श्वास लागतो, रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. सौम्य त्रास बऱ्याच जणींना होतो. गंभीर स्वरूप शंभरात एखाद-दुसरीला, पण ते जिवावर बेतू शकतं. पीसीओएस असलेल्या तरुण मुलींना याचा धोका जास्त. आणि गंमत बघा (गंमत कसली), अशाच मुलींची बीजं भरपूर निघतात, म्हणून यशाच्या तक्त्यात त्या उत्तम पेशंट असतात.

लेस्ली ब्राऊनला ही भीती नव्हती. तिच्या वेळी त्यांनी इंजेक्शनं सोडून नैसर्गिक पाळीतलं एकच बीज घेतलं होतं.

बाळांबद्दलही विचारलं जातं, म्हणून थोडक्यात. ऑस्ट्रेलियातल्या २०१२ च्या एका मोठ्या अभ्यासात अशा उपचारांनी जन्मलेल्या बाळांत जन्मजात दोष ८.३ टक्के दिसले, इतर बाळांत ५.८. पण आईचं वय वगैरे गोष्टी हिशोबात धरल्यावर साध्या आयव्हीएफमधला फरक जवळजवळ नाहीसा झाला. एकेक शुक्राणू बीजात टोचायच्या पद्धतीत, म्हणजे इक्सीत, तो उरला. तो पद्धतीमुळे की मुळातल्या वंध्यत्वाच्या कारणामुळे, यावर अजून वाद आहे. बहुसंख्य मुलं धडधाकट असतात, हे दोन्ही बाजू मान्य करतात.

अंडाशय सुजण्यावर आजचा एक नेहमीचा उपाय म्हणजे घाई न करणं. बीज काढायचं, भ्रूण तयार करायचे, सगळे गोठवायचे, बाईचं शरीर एक-दोन पाळ्या शांत होऊ द्यायचं आणि मग एक भ्रूण ठेवायचा. हे वाचताना मला दर वेळी कलकत्ता आठवतं. कारण जवळपास हाच क्रम एका माणसाने १९७८ मध्ये केला होता.

डॉ. सुभाष मुखोपाध्याय. लुईसनंतर अवघ्या ७० दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ ला, कलकत्त्यात त्यांच्या प्रयत्नांतून एक मुलगी जन्मली. ओल्डहॅमने इंजेक्शनं टाळली होती, मुखोपाध्यायांनी वापरली. ओल्डहॅमने भ्रूण लगेच ठेवला, त्यांनी तो ५३ दिवस गोठवून नंतरच्या पाळीत ठेवला. गोठवलेल्या भ्रूणातून जन्मलेल्या पहिल्या बाळाचं श्रेय जगाने नंतर मेलबर्नला दिलं, १९८४ मध्ये. मुखोपाध्यायांच्या वाट्याला आली राज्य सरकारने नेमलेली चौकशी समिती, जिचा अध्यक्ष रेडिओ-भौतिकशास्त्राचा प्राध्यापक होता. समितीने दावा फेटाळला. जपानला परिषदेला जायची परवानगी मिळाली नाही. शेवटी बदली झाली ती डोळ्यांच्या संस्थेत. १९ जून १९८१ ला त्यांनी आयुष्य संपवलं. तपन सिन्हांचा ‘एक डॉक्टर की मौत’ तुम्ही पाहिला असेल, त्यामागे ही हकिगत आहे.

मुंबईची कथा वेगळी. परळच्या केईएममध्ये, म्हणजे महापालिकेच्या रुग्णालयात, ६ ऑगस्ट १९८६ ला हर्षा चावडा जन्मली. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि शेजारच्याच आयसीएमआरच्या प्रजनन संशोधन संस्थेतले डॉ. टी. सी. आनंद कुमार यांचं हे काम. ओल्डहॅम जसं सूतगिरण्यांचं, तसंच परळ. योगायोगच, पण मला आवडणारा. या कामाची नोंद पायरीपायरीने झाली होती, त्यामुळे कुणी शंका घेतली नाही आणि हर्षा ‘भारतातली पहिली’ ठरली. पुढे आनंद कुमारांच्या हाती मुखोपाध्यायांचे कागद आले. ते वाचून १९९७ मध्ये त्यांनी स्वतः जाहीर लिहिलं, की पहिला मान कलकत्त्याचा आहे. स्वतःचा पहिला नंबर स्वतःच्या हाताने खोडणारे शास्त्रज्ञ मी माझ्या साधनांमध्ये फार पाहिले नाहीत.

केईएमपासून आजच्या गुलाबी पत्रकापर्यंतच्या प्रवासात बहुतेक आयव्हीएफ सरकारी रुग्णालयांतून खासगी क्लिनिकांत गेलं. आयसीएमआरने २००५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली, पण कायदा यायला २०२१ उजाडलं. २०२२ च्या जानेवारीपासून तो लागू आहे. त्यात क्लिनिकची नोंदणी, बाईचं वय २१ ते ५०, पुरुषाचं २१ ते ५५, बीजदात्रीने आयुष्यात एकदाच बीज द्यायचं, असे बरेच नियम आहेत. माझ्या कामाचं कलम वेगळं आहे. क्लिनिकने त्या क्लिनिकमधली यशाची शक्यता, खर्च, दुष्परिणाम, जुळ्यांसकटच्या जोखमी जोडप्याला समजावून सांगायला हव्यात, असं कायदा म्हणतो. पण अमेरिका-ब्रिटनमध्ये घरबसल्या दोन क्लिनिकं शेजारी ठेवून बघता येतात, तसा तक्ता आपल्या जोडप्यांच्या हातात नाही. म्हणजे छेद कुठला, हे समोर बसून तुम्हालाच विचारावं लागतं.

तर ताईला काय सांगितलं?

आधी त्या सत्तरचं सांगितलं. ब्रिटनमधल्या दीड लाखाहून जास्त बायकांचा एक अभ्यास २०१५ साली आला. त्यात चाळिशीच्या आतल्या, स्वतःचं बीज वापरणाऱ्या बायकांत पहिल्या सायकलमध्ये बाळ व्हायचं प्रमाण ३२ टक्के. सहा सायकलींनंतर एकूण ६८ टक्के. म्हणजे ‘सत्तर टक्के’ हा आकडा असाही खरा होऊ शकतो, पण सहा सायकलींचा खर्च आणि सहा वेळची वाट बघणं धरून, आणि जे जोडपं मध्येच थांबलं त्यांचं पुढे काय झालं असतं याबद्दल काही गृहीत धरून. ४० ते ४२ च्या बायकांत हेच आकडे १२ आणि ३१ टक्के. ताई या दोन गटांच्या सीमेवर आहे. तिने विचारलं, “म्हणजे दोन वर्षं थांबले तर?” मी म्हटलं, “तेच.” एखाद्या पत्रकात दात्रीच्या बीजाच्या सायकली मिसळल्या असतील तर आकडा आणखी फुगतो, कारण तिथे वय दात्रीचं मोजायचं असतं, पेशंटचं नव्हे.

मग आम्ही दोघींनी एका पाठकोऱ्या कागदावर प्रश्न लिहिले. माझ्या वयाच्या किती जणींनी गेल्या वर्षी सायकल सुरू केली? त्यातल्या किती जणी बाळ घेऊन घरी गेल्या? बीटा नको, सोनोग्राफीतले ठोके नकोत, बाळ. त्यांच्यात जुळी किती? एका वेळी किती भ्रूण ठेवता? अंडाशय सुजून अ‍ॅडमिट किती झाल्या? आणि नाही जमलं तर कितव्या सायकलला तुम्ही स्वतःहून ‘आता पुरे’ म्हणता? हा शेवटचा प्रश्न भावजींनी घातला. तोपर्यंत ते पेपर वाचत बसले होते, मला वाटलं ऐकतच नाहीयेत.

गेल्या आठवड्यात ती कागद घेऊन गेली. गुलाबी पत्रकवाल्यांकडे काउन्सेलरने चौथ्या प्रश्नाला “मॅडम, पॉझिटिव्ह राहा” असं सांगितलं. दुसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरांनी कागद हातात घेतला, चष्मा वर केला आणि रजिस्टर मागवलं. सहापैकी चार प्रश्नांची उत्तरं त्यांनी तिथेच दिली, आणि जो आकडा निघाला तो सत्तरच्या कुठेच जवळपास नव्हता. ताईने फोन करून मला तो सांगितला. मग म्हणाली, पुढच्या पाळीच्या दुसऱ्या दिवशी बोलावलंय, आईला अजून काही सांगू नकोस.

(ही पोस्ट तिला दाखवून, तिच्या परवानगीने टाकते आहे. तिने दोन वाक्यं काढायला लावली.)